गुलाबी वाघ गेला कुठे?

प्रश्न: परवा पोरांना घेऊन जुना ‘द पिंक पँथर’ लावला, पोरं गुलाबी वाघाची वाट बघून कंटाळली, तो टायटल्सनंतर गायबच! मग नाव कशाला तसं? आणि त्यातल्या धांदरट इन्स्पेक्टर क्लूझोचा आधी कुठला पिक्चर बघावा? – एक वाचक, सातारा

उत्तर: अहो, पिंक पँथर हे हिऱ्याचं नाव आहे, आतला डाग उडी मारणाऱ्या पँथरसारखा दिसतो म्हणून. कार्टून फक्त टायटल्सपुरतं होतं पण एवढं गाजलं की त्याची वेगळी मालिकाच निघाली. गंमत म्हणजे १९६३च्या त्या पिक्चरचा हिरो डेव्हिड निव्हन, हिरेचोर! क्लूझो आधी पीटर उस्टिनॉव्ह करणार होता, तो ऐनवेळी बाहेर पडला, पीटर सेलर्स आला आणि सगळा पिक्चर खाऊन गेला. सुरुवातीलाच बघा, ऐटीत पृथ्वीचा गोल फिरवतो, बोलता बोलता त्याच फिरत्या गोलावर हात टेकतो आणि धाडकन खाली, पण उठतो असा की जणू काही झालंच नाही. हसू पडण्याचं नाही येत हो, त्या रुबाबाचं येतं.

पोरांसाठी मी म्हणेन १९६४चा ‘अ शॉट इन द डार्क’ लावा. त्यात क्लूझोच्या घरचा नोकर केटो साहेबांच्याच हुकमावरून साहेबांवर कधीही झडप घालतो, आणि त्याचा वरिष्ठ ड्रायफस तर क्लूझोच्या वैतागात सिगार कापायच्या यंत्रात स्वतःचा अंगठाच घालून बसतो. पहिला निवांत नंतर बघा, जरा संथ आहे.