दुखणं पाहवत नाही, म्हणून नर्सिंग सोडू का?

प्रश्न : मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर्जिकल वॉर्डच्या पोस्टिंगला पोटाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा रात्रभर कण्हत होते. सिनिअर म्हणाली, "काही नाही गं, नाटकं आहेत. मघाशी फोनवर चांगले बोलत होते." मी गप्प बसले. घरी आल्यावर झोपच लागेना. आई म्हणते, इतकी हळवी आहेस तर हे क्षेत्र तुझं नव्हे, वेळीच सोड. मॅडम, खरंच सोडू का?

उत्तर : सोडू नकोस. तुला धीर द्यावा म्हणून हे लिहीत नाही.

आजोबांचं कण्हणं ऐकून तुझा जीव कासावीस झाला, हा तुझा स्वभाव. त्या कण्हण्याचं पुढे काय करायचं ते तुला ठाऊक नव्हतं, ही शिकायची गोष्ट. झोप उडाली ती या दुसरीमुळे, असं तुझं पत्र दोनदा वाचून मला वाटलं. हाताशी काही करण्यासारखं असतं, तर ते करून तू निवांत झोपली असतीस.

आधी त्या फोनचं बोलू. माणूस फोनवर बोलतो, हसतोसुद्धा, आणि तरीही त्याला दुखत असतं. वेदनेचे अभ्यासक मेल्झॅक आणि वॉल यांनी 1965 मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार वेदनेच्या संदेशाला मज्जारज्जूत एक फाटक लागतं, आणि मेंदू वरून ते थोडं लोटू किंवा उघडू शकतो. लक्ष दुसरीकडे गेलं, घरच्या माणसाचा आवाज कानावर पडला, की ते काही वेळ लोटलं जातं. फोन ठेवला की पुन्हा उघडतं. म्हणजे फोनवरच्या गप्पा आणि नंतरचं कण्हणं, दोन्ही खरं.

'ज्याला दुखतंय तो सांगेल ती वेदना, आणि तो म्हणेल तेव्हा ती असते,' अशा अर्थाची व्याख्या 1968 मध्ये मार्गो मॅकॅफरी यांनी मांडली. त्या नर्स होत्या, हे मुद्दाम सांगते. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये आपली व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांमध्ये रुग्णाच्या सांगण्याचा मान राखावा, असं स्पष्ट लिहिलं. त्यामुळे आजोबांवर विश्वास ठेवणं हा तुझा हळवेपणा नव्हता, ते तुझं काम होतं.

विश्वास ठेवायचा म्हणजे मागेल तेव्हा इंजेक्शन द्यायचं, असा मात्र अर्थ नाही. विश्वास ठेवायचा आणि मग नीट विचारायचं.

माझ्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट सांगते. राउंडला आलेल्या सिस्टरने दारातूनच विचारलं, "आजी, बरं आहे ना?" आई म्हणाली, "बरं आहे." चार्टवर तेच गेलं. रात्रपाळीची मुलगी कॉटजवळ खुर्ची ओढून बसली. "आजी, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. पडून असताना किती? आणि उठून बसताना?" आईने जरा विचार केला. "पडून तीन. उठायचं म्हटलं की आठ." ती दोन दिवस उठायला का तयार नव्हती, ते तेव्हा कळलं, आम्ही तिला हट्टी म्हणत होतो. फिजिओथेरपिस्ट यायच्या तासभर आधी गोळी द्यायचं ठरलं आणि दुसऱ्याच दिवशी आई वॉकर धरून दारापर्यंत गेली. तुझ्या आजोबांना असंच विचारायला हवं होतं : खोकताना किती दुखतं? पोटाच्या टाक्यांच्या भीतीने माणूस खोकत नाही, पूर्ण श्वास घेत नाही, आणि मग छातीत कफ साचून संसर्ग होतो.

आकड्याइतकाच शब्दही ऐकायचा. ठणकतंय, ठसठसतंय म्हटलं की सूज किंवा पू झालाय का, ते पाहावं. कळ येते आणि जाते, हे बरेचदा आतड्याचं किंवा मूतखड्याचं असतं. आग होते, मुंग्या येतात, करंट बसल्यासारखं होतं, चादर लागली तरी सोसवत नाही, असं कोणी म्हणालं तर नसेचा, म्हणजे मज्जातंतूचा विचार करायचा; तिथे नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, फिट्स किंवा नैराश्यावरची काही औषधं कामाला येतात. याच मेल्झॅक यांनी 1975 मध्ये रुग्णांच्या तोंडचे 78 शब्द गटवार लावून एक प्रश्नावली केली, ती आजही वापरात आहे. आणि प्लास्टरमधल्या पायाचं दुखणं औषध देऊनही वाढतच चाललं, बोटं ताणली की रुग्ण किंचाळू लागला, तर आत दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो. तिथे कोणी 'नाटकं' म्हणून पाठ फिरवली, तर काही तासांत पाय जायची वेळ येते.

ज्यांना बोलताच येत नाही, त्यांचं काय? नवजात बाळांना वेदना कळतच नाही, अशा समजुतीने त्यांची ऑपरेशनं 1980 च्या दशकापर्यंत पुरेशा भुलीशिवायही होत. 1987 मध्ये आनंद आणि हिकी या डॉक्टरांनी त्याविरुद्धचे पुरावे एकत्र मांडले, आणि हळूहळू पद्धत बदलली. हे वाचताना आजही मला अस्वस्थ व्हायला होतं. आता लहानग्यांसाठी चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं यांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देतात. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठीही निरीक्षणावर बेतलेल्या अशाच मोजपट्ट्या आहेत.

आता करिअरचं. पदवी आधी पूर्ण कर. मग दोन वर्षं ऑपरेशननंतरच्या किंवा कॅन्सरच्या वॉर्डात काढ, कारण मॉर्फिनसारखं औषध दिल्यावर रुग्ण गुंगीत जातोय का, श्वास मंदावतोय का, हे ओळखणारी नजर तिथेच तयार होते. त्यानंतर पेन क्लिनिक, पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारातला त्रास कमी करणारी सेवा), भाजलेल्यांचा विभाग, नवजात अतिदक्षता, अशी बरीच दारं आहेत. तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या वेदनेवर नर्स, भूलतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळून काम करतात. या कामात रमलीस आणि पुढे दिशा बदलावीशी वाटली, तरी वाया काही जात नाही. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या, मग डॉक्टर, आणि 1967 मध्ये लंडनला त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीचं शुश्रूषागृह, सुरू केलं. शरीराच्या वेदनेत मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची वेदना मिसळलेली असते, हे त्यांनी रुग्णांशी बोलून जाणलं.

त्या सिनिअरशी भांडायला जाऊ नकोस. "सिस्टर, आजोबा खोकताना आठ सांगतायत, औषध देऊन चार तास झालेत," एवढंच म्हण. नुसतं "त्यांना खूप दुखतंय" म्हटलं की ते तुझं मत ठरतं, आकडा आणि वेळ सांगितली की त्याची दखल घ्यावीच लागते. तरीही कोणी ऐकलं नाही, तर इन्चार्जना किंवा ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांग. औषध दिल्यावर पुन्हा विचारायला जायचंच : इंजेक्शननंतर अर्ध्या तासाच्या आत, गोळीनंतर साधारण तासाने. ही दुसरी फेरी फार जण विसरतात.

पुढच्या ड्यूटीला खिशात एक छोटी वही ठेव. नाव लिहू नकोस, फक्त रुग्णाने वापरलेला शब्द, त्याने दिलेला आकडा आणि औषधानंतरचा आकडा लिही. महिन्याभरात किती वेगवेगळे शब्द जमले, ते मला कळव. आणि आईलाही वाचून दाखव.