दोन एक्झिक्युटर, त्यातला एक परदेशी: रिटर्न कोणी भरायचं?

वडिलांच्या मृत्युपत्रात तुम्ही आणि ताई दोघंही एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारे, तुम्ही अमेरिकेला निघालात, तर इन्कम टॅक्स रिटर्नचं सगळं ताईवर सोपवलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. व्हिसा आणि एकटेपणाबद्दलही विचारलंय. व्हिसाचं सरकारी साइटवर मिळेल. एकटेपणा येतो, अंगवळणी पडतो. हा प्रश्न मात्र जिव्हारी लागला, कारण असल्या कागदांपायी भावंडांत धरलेला अबोला फोनवरून सुटत नाही.

काम एका रिटर्नवर भागत नाही. १ एप्रिलपासून मृत्यूच्या तारखेपर्यंतचं उत्पन्न वडिलांच्याच पॅनवर दाखवायचं. त्यासाठी इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर कायदेशीर प्रतिनिधी म्हणून नोंदणी लागते. त्यानंतरचं व्याज, भाडं, लाभांश हे इस्टेटचं, म्हणजे वडिलांच्या अजून वाटप न झालेल्या मालमत्तेचं, उत्पन्न. त्याला इस्टेटच्या नावाने वेगळा पॅन आणि आयटीआर-५ हा रिटर्नचा फॉर्म, वाटप पूर्ण होईपर्यंत दरवर्षी. एक्झिक्युटर एकापेक्षा जास्त असले की आकारणी असोसिएशन ऑफ पर्सन्स, म्हणजे व्यक्तींचा एक गट, म्हणून होते. तुम्ही अनिवासी झालात म्हणून इस्टेट अनिवासी होत नाही; मृत्यूच्या वर्षी वडिलांची जी स्थिती होती, तीच इस्टेटची धरतात. हे सीएला आवर्जून सांगा.

खरी डोकेदुखी एफडीची. मृत्यूनंतरही बँक जुन्याच पॅनवर टीडीएस कापत राहते. मग व्याज इस्टेटच्या रिटर्नमध्ये, टीडीएस वडिलांच्या नावावर, आणि परतावा लटकतो. म्हणून मृत्यूचा दाखला देतानाच तारीख, इस्टेटचा पॅन आणि ‘या तारखेनंतरचं व्याज नव्या पॅनवर दाखवावे’ असं लेखी द्या, पोच घ्या. काउंटरवर ‘करतो’ म्हणतात. तिमाही टीडीएस रिटर्न एकदा गेलं की दुरुस्तीसाठी खेटे घालायला लावतात, आणि ते घालायला तिथे ताईच असते.

सही ताईची असली तरी जबाबदारी तुमचीही. कर बाकी असताना मालमत्ता वाटली, तर वाटलेल्या मालमत्तेच्या किमतीपर्यंत तो कर स्वतःच्या खिशातून भरावा लागू शकतो. तेव्हा करापुरते पैसे बाजूला काढल्याशिवाय कुणालाही काही देऊ नका, कितीही तगादा लागला तरी. रिटर्नचा मसुदा भरण्याआधी दोघांनी वाचा, सीएची प्रत्येक मेल दोघांना येऊ द्या. भरल्यापासून ३० दिवसांत पडताळणी लागते आणि आधारचा ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. तुमचं सिम रिचार्ज करत राहा.

अमेरिकेचे रहिवासी झालात की आणखी एक. इस्टेटच्या खात्यावर तुमची सही चालत असेल, तर पैसा तुमचा नसूनही ते खातं एफबारमध्ये, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देण्याच्या अहवालात, दाखवावं लागतं, तुमच्या सगळ्या परदेशी खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की. वारशाचे एका वर्षात १ लाख डॉलरपेक्षा जास्त मिळाले तर ते तिथल्या कर खात्याला कळवायला फॉर्म ३५२०.

सीएची फी, स्टँप, झेरॉक्स, रिक्षा हा खर्च इस्टेटमधून जायला हवा, ताईच्या पर्समधून नाही. तसं निघण्याआधी लेखी मान्य करा. आम्हा बाहेर राहणाऱ्यांना हे विचारायचं सुचत नाही, आणि मागे राहिलेली बहीण ते कधी तोंडाने मागत नाही. याचा सल मला आजही आहे.