जळगावात नववीतला मुलगा रात्री एकपर्यंत मोबाइल बघतो, सकाळी जेवत नाही, दिवसभर वेफर्स खातो. सुरुवात कुठून करावी?

सुरुवात झोपेपासून करा, खाणं त्यामागे बरंचसं सुधारतं. झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं. म्हणून रात्री पुडा फुटतो आणि सकाळी कळण्याची भाकरी नको होते. या वयात ८ ते १० तास झोप हवी. फोन आणि चार्जर दोन्ही रात्री स्वयंपाकघरात ठेवा. चार्जर उशाशी राहिला की सगळं फिसकटतं. गजराला साधं घड्याळ द्या. उन्हाळ्यात गच्चीवर झोपत असाल तर तिथेही हाच नियम, कारण अंधारात पांघरुणाखालचा फोन कुणाला दिसत नाही. एकदम हिसकावू नका, मुलं लपवून बघू लागतात. दर दोन-तीन दिवसांनी फोन ठेवायची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणा. जेवताना स्क्रीन बंद, घरातल्या मोठ्यांचीही. लक्ष तिकडे असलं की किती खाल्लं ते कळत नाही. सकाळी पूर्ण ताटाचा आग्रह नको:

- एक केळं
- मूठभर भाजलेले शेंगदाणे
- ग्लासभर दूध

भाकरी-भरीत डब्यात द्या.

मात्र वजन उतरत असेल, बारीक व्हायला तो मुद्दाम उपाशी राहत असेल किंवा शाळाच टाळत असेल, तर हे घरगुती उपाय पुरणार नाहीत. लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतूनही मोफत बोलता येतं.