वाचकांचे प्रश्न : इंटचा मॅप साध्या अ‍ॅरेत

प्रश्न : उसाच्या काटा-पावत्यांचा हिशेब आम्ही जावातल्या हॅशमॅपमध्ये (कोडवरून त्याची किंमत शोधून देणारी रचना) ठेवतो. पावतीचा कोड इंट, म्हणजे ३२ बिटांचा पूर्णांक, आहे. वरच्या १६ बिटांत गावाचा क्रमांक, खालच्या १६ बिटांत त्या गावातल्या पावतीचा अनुक्रम. समोर किलोत वजन. सुमारे ५०० गावं आणि १० लाख पावत्या आहेत. मेमरी फार जाते. अ‍ॅरेवर आधारलेला मॅप वापरला तर किती वाचेल? (निपाणी)

उत्तर : पुष्कळ वाचेल. नेहमीच्या ६४-बिट जेव्हीएमवर (जावा प्रोग्राम चालवणारी यंत्रणा), कॉम्प्रेस्ड पॉइंटर (८ ऐवजी ४ बाइटचे पत्ते) चालू असताना, हॅशमॅपमधल्या एका नोंदीचा नोड ३२ बाइटचा असतो. कोडचा इंटिजर ऑब्जेक्ट (इंटला गुंडाळणारा ऑब्जेक्ट) १६ बाइटचा, वजनाचा आणखी १६ बाइटचा. १० लाख नोंदी होईपर्यंत मुख्य टेबल २०,९७,१५२ खणांचं (नोंदींसाठीच्या जागांचं) झालेलं असतं, दर खणाला ४ बाइट. सगळं धरून ७२ एमबी होतात आणि त्यात तुमची खरी माहिती फक्त ८ एमबी. त्याऐवजी दोन इंट अ‍ॅरे घ्या, एकात कोड आणि दुसऱ्यात त्याच इंडेक्सला वजन. तितक्याच खणांना १७ एमबी पुरतात. शिवाय कोड मेमरीत सलग असल्यामुळे ६४ बाइटच्या एका कॅशलाइनमध्ये (प्रोसेसर मेमरीतून एका वेळी उचलतो तो तुकडा) १६ कोड एकदम येतात, म्हणून शोधही वेगाने होतो.

हे स्वतः लिहीत बसू नका. फास्टयुटिल लायब्ररीतला इंट२इंटओपनहॅशमॅप नेमकं हेच करतो. वापरताना मात्र तीन गोष्टी सांभाळा. व्हेरिएबल 'मॅप<इंटिजर, इंटिजर>' म्हणून जाहीर केलंत, तर प्रत्येक गेट-पुटला पुन्हा इंटिजर ऑब्जेक्ट मध्ये येतो आणि वेगातला फायदा बराचसा जातो. म्हणून टाइप लायब्ररीचाच लिहा. दुसरं, कोड सापडला नाही तर हा मॅप ० परत देतो. वजन शून्य आहे की पावतीच नाही हे त्यावरून कळत नाही, म्हणून सुरुवातीलाच डिफॉल्ट रिटर्न व्हॅल्यू −१ करा. तिसरं, कन्स्ट्रक्टरमध्ये १०,००,००० द्या, म्हणजे मधल्या वाढी टळतील. इथे तो आकडा नोंदींचा असतो. जावाच्या हॅशमॅपमध्ये तोच आकडा खणांचा धरला जातो, आणि तिथे तेवढाच दिला तर ७,८६,४३२ नोंदींनंतर टेबल पुन्हा वाढतंच.

स्वतःच लिहायचं ठरवलं असेल, तर तुमच्या कोडची रचना फार घातक आहे. कोड कुठल्या खणात जाईल हे ठरवायला मास्क लावून (हवे तेवढे बिट ठेवून बाकीचे गाळून) थेट खालचे २१ बिट घेतले, तर गावाच्या क्रमांकाचे जेमतेम ५ बिट उरतात. म्हणजे गाव १, ३३, ६५, ९७ यांच्या पहिल्या पावत्या एकाच खणावर येतात, दुसऱ्या पावत्या पुढच्या खणावर, आणि असंच पुढे. ५०० गावांपैकी पंधरा-सोळा गावं अशी एकमेकांवर पडतात. खण भरलेला असला की नोंद पुढच्या रिकाम्या खणात जाते. प्रत्येकाच्या २००० पावत्या धरल्या, तर ३० हजारांच्या घरात नोंदींची एक सलग रांग तयार होते आणि एका शोधाला हजारो खण चाळावे लागतात. टेबल निम्मं रिकामं असूनही हे घडतं, त्यामुळे चूक पटकन लक्षात येत नाही.

उपाय दोन ओळींचा आहे. कोडला −१६४०५३१५२७ ने गुणा (हा २६५४४३५७६९ चा जावातल्या इंटमधला अवतार). मग आलेल्या संख्येचे वरचे १६ बिट, चिन्ह न ओढता उजवीकडे सरकवून, तिच्याशीच एक्सॉर करा (दोन बिट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०). नुसता गुणाकार पुरत नाही, कारण गुणाकाराच्या खालच्या बिटांवर मूळ संख्येच्या वरच्या बिटांचा काहीच परिणाम होत नाही. गावाचा क्रमांक खाली उतरतो तो एक्सॉरमुळेच.

टेबल किती भरू द्यायचं? एकेक खण पुढे सरकत शोधायच्या पद्धतीत, कोड नीट विखुरलेले असतील तर, संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांच्या सूत्रानुसार नसलेला कोड शोधायला अर्ध्या भरलेल्या टेबलात सरासरी २.५ खण बघावे लागतात, पाऊण भरलेल्यात ८.५ आणि ९० टक्के भरलेल्यात ५०.५. पाऊणच्या पुढे जाऊ नये हे आमचं स्पष्ट मत. पूर्ण भरलेल्या टेबलात नसलेला कोड शोधायला गेलात, तर लूप थांबणारच नाही.

प्रश्न : इंटिजरची दोन व्हेरिएबल == ने तपासतो. १०० आणि १०० सारखे निघतात, ५०० आणि ५०० वेगळे. असं का? (चिकोडी)

उत्तर : −१२८ ते १२७ पर्यंतचे इंटिजर ऑब्जेक्ट जावा आधीच तयार ठेवतो आणि तेच पुन्हा पुन्हा देतो. त्यापुढे एरवी नवे ऑब्जेक्ट बनतात, आणि == पत्ता तपासतो, किंमत नाही. इक्वल्स वापरा, किंवा सरळ इंट घ्या.

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी दोन अ‍ॅरेंचा मॅप लिहिला आहे. रिकाम्या खणात ० ठेवते. एखादी नोंद काढून टाकली की कधी कधी दुसरीच एखादी नोंद 'नाही' असं उत्तर येतं, पण अ‍ॅरे छापून बघितला तर ती तिथेच दिसते. (उद्यमबाग, बेळगाव)

उत्तर : तुम्ही काढलेल्या नोंदीचा खण सरळ ० करत असणार. आठ खणांचं टेबल घ्या, इंडेक्ससाठी खालचे ३ बिट. १९, २७, १२, ३५ या क्रमाने घाला. १९ चा मूळ खण ३, तो तिथे बसतो. २७ चाही ३, म्हणून तो ४ मध्ये जातो. १२ चा मूळ खण ४, तो गेलेला, म्हणून ५. ३५ चा पुन्हा ३, तो ढकलला जात जात ६ मध्ये. आता २७ काढा आणि खण ४ रिकामा करा. १२ चा शोध खण ४ पासूनच सुरू होतो, समोर रिकामा खण दिसतो आणि शोध तिथेच संपतो. ३५ चंही तेच. दोघंही अ‍ॅरेत आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोचायची वाट मध्येच तुटली आहे.

खोडल्याची खूण ठेवणं हा एक मार्ग, पण घाल-काढ सतत चालणाऱ्या मॅपमध्ये खुणा साठत जातात आणि शोध मंदावतो. मागे सरकवणं जास्त चांगलं. खण मोकळा झाला की पुढचे खण एकेक करून बघत जा, रिकामा खण लागेपर्यंत. प्रत्येक नोंदीसाठी (चालू − मूळ) & मास्क हा आकडा (चालू − मोकळा) & मास्क एवढा किंवा त्याहून मोठा असेल, तर ती मोकळ्या खणात आणा; तिची जुनी जागा आता मोकळी. वरच्या उदाहरणात १२ साठी १ आणि १, म्हणून तो ४ मध्ये येतो. मग मोकळा खण ५. ३५ साठी ३ आणि १, म्हणून तो ५ मध्ये. खण ७ रिकामा आहे, तिथे थांबा आणि शेवटी मोकळा राहिलेला खण ६ शून्य करा. टेबलाच्या टोकाकडून खण ० कडे वळतानाही हिशेब बरोबर राहतो, तो मास्कमुळे. मास्क विसरलात, तर चूक फक्त टोकाशीच होईल आणि चाचण्यांत सहजी सापडणार नाही. शेवटच्या खणातून वळसा घालणारी एक चाचणी मुद्दाम लिहा.

तुमच्याकडे आणखी एक दोष आहे. ० म्हणजे रिकामा खण, तर ० हाच कोड आला की काय? त्याची नोंद अ‍ॅरेबाहेर, एक बूलियन (आहे की नाही) आणि एक व्हॅल्यू अशा दोन वेगळ्या फील्डमध्ये ठेवा.

प्रश्न : दूध संकलनाचं अँड्रॉइड अ‍ॅप आहे, सभासद ३००. सभासद क्रमांकावरून लिटर काढायला स्पार्सइंटअ‍ॅरे चालेल का? (खानापूर)

उत्तर : चालेल, पण क्रमांक १ ते ३०० सलग असतील तर ३०१ घरांचा साधा इंट अ‍ॅरे पुरे, मॅपच नको. लिटर इंटमध्ये न ठेवता मिलिलिटर ठेवा, अपूर्णांक सुटणार नाहीत. क्रमांक विखुरलेले असतील, तरच अँड्रॉइडमधला इंटवरून इंट देणारा मॅप, म्हणजे स्पार्सइंटअ‍ॅरे. त्यात हॅश नसतो. क्रमांक चढत्या क्रमाने लावलेले असतात आणि बायनरी सर्चने जास्तीत जास्त ९ तुलनांत सापडतात. मधे नवा क्रमांक घातला की पुढचे सगळे एक घर सरकतात. काही शेकड्यांपर्यंत ते जाणवत नाही. यादी डेटाबेसमधून क्रमाने येत असेल तर पुट न वापरता अपेंड वापरा. आणि त्या वेळचं दूध आलंय का हे गेटने तपासू नका, न सापडल्यास तोही ० देतो. इंडेक्सऑफकी ऋण आला तरच नोंद नाही असं समजा.