वेंगुर्ला रोडला 'रायचूर-बाची' का म्हणतात?

प्रश्न: नमस्कार सर, आमचं गाव बेळगाव तालुक्यात, उचगावजवळ. लहानपणापासून आम्ही याला वेंगुर्ला रोडच म्हणतो, पण पेपरात कामाची बातमी आली की 'रायचूर-बाची राज्य महामार्ग' असं छापून येतं. रायचूर कुठं आणि बाची कुठं ओ? एवढ्याशा गावाचं नाव हायवेला कसं काय? आणि पावसाळ्यात बाईकवरनं आंबोलीला जायचं तर हाच रस्ता बरा ना?
– एक वाचक

उत्तर: दोन्ही नावं बरोबरच आहेत बघा. कर्नाटकाच्या कागदावर हा स्टेट हायवे २०, तिकडं रायचूरहून निघतो, बागलकोट, लोकापूर, यरगट्टी करत बेळगावात येतो आणि हिंडलगा, सुळगा, तुरमुरी करून बाचीला संपतो. संपतो म्हणजे काय, कर्नाटक संपतं. पुढं शिनोळी, म्हणजे चंदगड तालुका, जिल्हा कोल्हापूर. रस्ता कुठं थांबत नाही, फक्त खातं बदलतं, त्यामुळं कधी अलीकडं गुळगुळीत आणि पलीकडं खड्डे, तर कधी बरोबर उलटं.

आता वेंगुर्ला का, तर रेल्वे यायच्या आधी बेळगावला समुद्र म्हणजे वेंगुर्लाच होता. कापूस बैलगाड्यांतून आंबोली घाट उतरून तिथल्या बंदराला जायचा आणि बंदरावरचा माल, बेळगाव कॅम्पातल्या लष्कराचं सामानसुद्धा, याच वाटेनं वर यायचं. १८८०च्या दशकात रेल्वे आली, माल गोव्यातल्या मुरगाव बंदराकडं वळला आणि वेंगुर्ल्याचा व्यापार बसला तो बसलाच. नाव तेवढं आपल्या तोंडात राहिलं.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे तेव्हा मध्ये सीमाच नव्हती, चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, चंदगड मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला, आणि बाची-शिनोळीच्या मध्ये रेघ पडली. बाचीचं नाव हायवेला लागलं ते त्या रेघेमुळं, नाहीतर कोण विचारतंय! लोकांचा बाजार काय बदलला नाही, चंदगडची रताळी आजपण बेळगावच्या मार्केट यार्डातच येतात. फक्त सीमाप्रश्न तापला की एसटी शिनोळीलाच थांबते, मग पिशव्या डोक्यावर घेऊन बाचीपर्यंत चालत या.

आंबोलीचं म्हणाल तर हो, हाच रस्ता सरळ, बेळगावातून बाचीपर्यंत जेमतेम पंधरा किलोमीटर. मार्कंडेय नदीला पूर असेल तर हिंडलगा-सुळग्याच्या मधलं पाणी आधी कुणाला तरी फोन करून विचारा. मंगळवारी-शुक्रवारी उचगाव फाट्यावर मळेकरणी देवीला जाणाऱ्यांची गर्दी असते, ते तुम्हाला काय सांगायचं म्हणा. शनिवार-रविवार आंबोलीत धबधब्यापाशी गाडी लावायला जागा मिळत नाही, त्यामुळं मधल्या वारी जा, आणि घाटात धुकं उतरायच्या आत, चारच्या सुमारास परत फिरा.