एच-4 वरून एफ-1 वर गेल्यास अमेरिकेत नोकरी करता येईल का?

आपला प्रश्न असा आहे की, पती टेक्सासमध्ये एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर तिसऱ्या वर्षात आहेत, कंपनीने त्यांच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया नुकतीच सुरू केली आहे, आपण पुण्यातील आयटी कंपनीची नोकरी सोडून एच-4 या एच-1बी धारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर इथे आला आहात, आणि काम करता यावे यासाठी एफ-1 हा विद्यार्थी व्हिसा घेणे शहाणपणाचे ठरेल का. मी डॅलसच्या परिसरात राहून एच-4 वरून एफ-1 वर गेले आणि पुढे ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थ्याला पदवीनंतर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, नोकरीही केली, म्हणून लिहिते आहे. मी वकील नाही. अर्ज भरण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा.

एफ-1 मिळाला म्हणजे नोकरीची परवानगी मिळाली, असा समज आपल्या लोकांत बराच पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. एफ-1 वर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंत विद्यापीठाच्या आवारातच काम करता येते. बाहेरच्या कंपनीत अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करायचे काम, म्हणजे सीपीटी, साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळते. खरी नोकरी म्हणावी अशी संधी पदवीनंतरच्या ओपीटीत असते: 12 महिने, आणि विषय स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतला असून कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणी यंत्रणेत नोंदलेली असेल तर आणखी 24 महिने. म्हणजे दोन वर्षांचे एमएस धरले, तर पूर्ण पगाराच्या नोकरीपासून आपण आजही जवळजवळ दोन वर्षे दूर आहात. पहिल्याच दिवसापासून सीपीटी देण्याची जाहिरात करणाऱ्या काही संस्था आहेत. त्यांच्या नादी लागू नये, कारण पुढे एच-1बी किंवा ग्रीन कार्डच्या वेळी त्या काळातील कामाबद्दल कसून विचारणा होते आणि उत्तर विद्यार्थ्याला द्यावे लागते, संस्थेला नव्हे.

आता दुसरी बाजू पाहा. पतींचा आय-140, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज, मंजूर झाला की आपल्याला एच-4 वरच ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचे कार्ड, मागता येते. ही सोय 2015 च्या मे महिन्यापासून आहे, आणि त्या कार्डावर कोणत्याही कंपनीत, कोणत्याही विषयात, अगदी स्वतःचा व्यवसायही करता येतो. आय-140 च्या आधी वेतननिश्चिती आणि पर्म (त्या जागेसाठी योग्य अमेरिकी उमेदवार मिळत नाही, याची खात्री) हे श्रम खात्याकडील दोन टप्पे असतात, आणि अलीकडच्या काळात ते दोन्ही मिळून दोन वर्षांच्या आसपास जाऊ शकतात. आय-140 मात्र प्रीमियम शुल्क भरल्यास 15 कामकाजाच्या दिवसांत निकाली निघतो. थोडक्यात, आपल्या बाबतीत पदवी आणि ईएडी या दोन्ही गोष्टी साधारण एकाच सुमारास हाती येण्याची शक्यता आहे, आणि त्यांपैकी एकीसाठी हजारो डॉलर मोजावे लागतात. म्हणूनच केवळ काम करता यावे एवढ्यासाठी एफ-1 घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिक्षण खरोखर हवे असेल, तर पुढचे वाचा.

शिकण्यासाठी एफ-1 लागतच नाही. एच-4 वर पूर्णवेळ किंवा अर्धवेळ, कोणत्याही विद्यापीठात शिकता येते. टेक्सासमध्ये याचा मोठा फायदा असा की, एच-4 धारक राज्यात वर्षभर वास्तव्य सिद्ध करून सरकारी विद्यापीठात स्थानिक रहिवाशांच्या दराने फी भरण्यास पात्र ठरू शकतो, तर एफ-1 धारकाला सहसा बाहेरचा दर लागू होतो, जो पुष्कळ ठिकाणी दुपटीच्या आसपास असतो. भाडेकरार, वीजबिल, टेक्सासचा वाहन परवाना अशी कागदपत्रे आपल्या नावाने आजपासूनच जमवावीत. सगळे काही पतीच्या नावावर असणे हीच इथे आपल्याकडच्या बायकांची नेहमीची अडचण असते.

यातून मला योग्य वाटणारा क्रम असा आहे. प्रवेश एच-4 वर घ्यावा आणि पूर्णवेळ शिकावे. दरम्यान आय-140 मंजूर झाला, तर ईएडीचा अर्ज करावा आणि एफ-1 चा विषय सोडून द्यावा. पदवीचे शेवटचे वर्ष जवळ आले तरी आय-140 झाला नसेल, तरच विद्यापीठाकडून आय-20 हे प्रवेशाचे प्रमाणपत्र घेऊन, सेविस या विद्यार्थी नोंदणी यंत्रणेचे 350 डॉलर भरून, आय-539 या अर्जाने स्थिती बदलून घ्यावी. ओपीटीसाठी आवश्यक असलेले पूर्णवेळ शिक्षणाचे एक शैक्षणिक वर्ष एच-4 वर झालेले असले तरी चालते. मात्र ते पूर्णवेळच असावे लागते. माझ्या विद्यापीठातील डीएसओ (परदेशी विद्यार्थ्यांचे काम पाहणाऱ्या अधिकारी) बाईंनी आय-20 देण्यापूर्वी माझी गुणपत्रिका समोर घेतली आणि प्रत्येक सत्रापुढे नऊ क्रेडिट भरतात की नाही, हे पेन्सिलीने खुणा करत तपासले. पदव्युत्तर वर्गाला तिथे नऊ क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ. घरच्या व्यापामुळे एखाद्या सत्रात सहाच क्रेडिट घेण्याचा मोह होतो, तेव्हा ही पेन्सिल लक्षात ठेवावी.

या क्रमाला एक अपवाद आहे. विद्यापीठाने शिक्षण किंवा संशोधन साहाय्यकाची जागा आणि फीमाफी देऊ केली, तर ते काम एच-4 वर ईएडीशिवाय स्वीकारता येत नाही. अशा वेळी आधीच एफ-1 वर जाणे फायद्याचे ठरते.

वेळेचा हिशेब हा या मार्गातील सर्वांत नाजूक भाग आहे. आय-539 ला कित्येक महिने लागू शकतात, आणि एफ-1 मंजूर होईपर्यंत ओपीटीचा अर्ज करता येत नाही. ओपीटीच्या अर्जाची खिडकी अभ्यासक्रम संपण्याच्या 90 दिवस आधी उघडते आणि संपल्यानंतर 60 दिवसांनी बंद होते. त्यामुळे किमान दोन सत्रे हाताशी ठेवून अर्ज करावा. उशीर झालाच तर सुमारे 2,000 डॉलर भरून प्रीमियम प्रक्रियेची सोय आहे. अर्ज प्रलंबित असताना आपण वर्गात बसू शकता, कारण एच-4 वर शिक्षणाला मुभा आहेच, पण आवारातील नोकरी धरता येत नाही आणि देशाबाहेर जाता येत नाही, कारण गेल्यास अर्ज सोडून दिला असे मानले जाते. मंजुरीच्या आय-797 पत्राच्या तळाशी नवा आय-94, म्हणजे देशातील मुक्कामाची नोंद, छापलेला असतो आणि त्यावर तारखेऐवजी डी/एस (विद्यार्थी स्थिती टिकेल तोवर) अशी अक्षरे असतात. हा आय-94 हाच आपल्या नव्या स्थितीचा पुरावा होय. पासपोर्टवरील शिक्का मात्र एच-4 चाच राहतो.

इथेच लोक फसतात. भावाच्या लग्नाला किंवा आईच्या आजारपणात भारतात जाऊन जुन्या एच-4 शिक्क्यावर परत आल्यास आपण पुन्हा एच-4 होता आणि ओपीटी हातची जाते. एफ-1 टिकवायचा असेल, तर मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलाखत देऊन एफ-1 चा शिक्का घ्यावा लागतो. एफ-1 साठी शिक्षण संपल्यावर मायदेशी परतण्याचा हेतू दाखवावा लागतो, तर एच-1बी आणि एच-4 ला ही अट नाही. पती ग्रीन कार्डच्या रांगेत असताना हे पटवून देणे अवघड असते, आणि पतीचा आय-140 एकदा दाखल झाला की आणखी अवघड. जून 2025 पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरील खाती सार्वजनिक ठेवावी लागतात, हेही ध्यानात असू द्यावे. माझा सल्ला असा की, स्थितीबदल झाल्यापासून ओपीटीचे कार्ड हाती येईपर्यंत भारताचा प्रवास टाळता आला तर टाळावा, आणि तशी कल्पना घरच्यांना आधीच देऊन ठेवावी.

एच-1बी व्हिसासाठी दरवर्षी निघणाऱ्या लॉटरीसाठीही एफ-1 अनिवार्य नाही. आपल्या बीईच्या पदवीवर एखादी कंपनी एच-4 वर असतानाच आपले नाव मार्चमध्ये नोंदवू शकते. स्टेम ओपीटीचा फायदा एवढाच की, कंपनीत काम करता करता तीन वेळा नशीब आजमावता येते.

शेवटचा मुद्दा पैशाचा नाही, तरीही मी तो तितकाच मोठा मानते. एच-4 पतीच्या नोकरीला बांधलेला असतो. ती गेल्यास 60 दिवसांत दोघांनाही मार्ग शोधावा लागतो आणि शिक्षण अर्धवट राहू शकते. आपण एफ-1 वर असाल, तर आपली स्थिती स्वतंत्र राहते, आणि गरज पडल्यास पती आपल्यावर अवलंबून एफ-2 मागू शकतात, अर्थात एफ-2 वर त्यांना काम करता येणार नाही. पतींच्या कंपनीत कपातीची कुजबुज असेल, तर वर सांगितलेला क्रम बदलून एफ-1 लवकर घेण्याचा विचार करावा.