मॅडम, ती सारखं भुतांचंच वाचते

हे वाक्य माझ्या ठाण्यातल्या, नौपाड्याच्या समुपदेशनाच्या केबिनमध्ये मी इतक्यांदा ऐकलंय की आता आईच्या हातात पोराची वही दिसली की पुढचं मला न सांगता कळतं. मुलगा भयकथा वाचतो, मुलगी भुताच्या गोष्टी लिहिते, डोक्यावर परिणाम होईल का, आमचं काय चुकलं, वगैरे. दर वेळी तेच बोलण्यापेक्षा एक केस लिहून टाकते.

मुलगी आठवीतली, राहायला घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये. लिहिताना नाव बदलावं लागेल, काय ठेवू, असं तिलाच विचारलं तर म्हणाली, "जखीण ठेवा." तर आमची ही जखीण. मराठीच्या पेपरात 'माझी सोसायटी' असा निबंध आला होता, तर हिने लिहिलं की सोसायटीची लिफ्ट रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी रेफ्यूज फ्लोअरला आपोआप थांबते, दार उघडतं, कोणी आत येत नाही, दार बंद होतं, पण वजन वाढल्याचा बझर वाजतो. (रेफ्यूज फ्लोअर म्हणजे उंच बिल्डिंगमध्ये आग लागली तर माणसांना जमायला मोकळी ठेवलेली जागा. भुताला याहून चांगला पत्ता मला तरी सुचला नसता.) बाईंनी दहापैकी नऊ मार्क दिले आणि खाली लाल पेनाने शेरा मारला, 'पालकांनी भेटावे.' तिथून आई थेट माझ्याकडे.

आई खूप घाबरलेली. आजोबांच्या कार्डावर मराठी ग्रंथसंग्रहालयातून ही नारायण धारप आणि रत्नाकर मतकरींच्या भयकथा-गूढकथा आणते, एक संपलं की दुसरं. ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, तिथून किती पिढ्यांनी अशी पुस्तकं घरी नेली असतील, पण हे मी तेव्हा बोलले नाही. फक्त विचारलं, "झोपते का नीट?"

"ती झोपते हो. मीच एक वाजेपर्यंत तिच्या दाराशी उभी असते, श्वास बघत."

हे वाक्य मी तेव्हाच पकडायला हवं होतं. नाही पकडलं. आधीचे दोन सेशन मी पोरीच्या मनात काहीतरी दडलंय हे शोधण्यात घालवले, शाळेत कोणी त्रास देतं का, घरात भांडणं होतात का, कोणी गेलंय का. तिसऱ्या वेळी जखीणच वैतागली.

"मॅम, मला काहीच झालेलं नाहीये. मला हे लिहायला मज्जा येते."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना! म्हणून तर वाचते. जास्तच वाटली की मी शेवटचं पान वाचून घेते आणि मग परत मागे येते."

मी दोन मिनिटं गप्प. वीस वर्षं मी लोकांना हेच तर शिकवतेय की भीती टाळू नका, झेपेल तेवढी घ्या, थोडी पुढची पायरी बघा, आणि ही तेरा वर्षांची पोरगी शेवटच्या पानाचा जुगाड करून ते स्वतःच करत होती. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या वाटेने जाणारी, माझ्या लेखी त्रास घटनेचा कमी आणि घटनेबद्दलच्या विचाराचा जास्त. मग वही ही घटना, आणि त्रास कोणाला होत होता? वहीच्या मालकिणीला तर नाही.

पुढच्या वेळी दोघींना एकत्र बसवलं आणि जखिणीला म्हटलं, वाच आईला. आई म्हणे, मॅडम इथे नको. वाच म्हटलं. पोरगी वाचायला लागली, आवाज मुद्दाम बारीक करून. लिफ्ट थांबली, दार उघडलं, बझर वाजला आणि ही थांबली.

"मग? कोण आलं आत?" हे आईने विचारलं बरं का, मी नाही.

"ते अजून लिहिलं नाहीये."

आई आधी हसली, मग डोळे पुसायला लागली, आणि मग जे बाहेर आलं ते कोकणातलं घर, अंधारं माजघर, आणि जेवली नाहीस तर हडळ नेईल, रडलीस तर मुंजा येईल, असं रोज सांगणारी मोठी माणसं. अजून ही बाई बाथरूमचा दिवा रात्रभर चालू ठेवते! तिला भूत कायम दुसऱ्या कोणीतरी दाखवलेलं, तेही गप्प बसवायला. लेकीने ते स्वतः हातात घेतलं होतं. मला वाटतं इतकी वर्षं मी हा फरक पालकांना नीट सांगितलाच नव्हता, कारण मलाच तो इतका स्वच्छ दिसला नव्हता.

मग आईने चकव्याची गोष्ट सांगितली. रानात चकवा लागला की माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, अशा वेळी चालायचंच नाही, उजाडेपर्यंत जागेवर बसून राहायचं. जखिणीने पेन काढलं. "आई, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?" अख्ख्या सेशनमध्ये मला पुढे एक शब्द बोलावा लागला नाही, आणि खरं सांगू, असे सेशन मला सगळ्यात जास्त आवडतात.

आता ज्यांच्या हातात अशीच वही आहे त्यांच्यासाठी. ती लपून वाचू नका, मागा, आणि "असलं का लिहितेस" याऐवजी "पुढे काय होतं" विचारा. सहा-सात वर्षांच्या लहानग्यांची गोष्ट वेगळी, त्यांना खरं-खोटं वेगळं करणं कधी कधी अवघड जातं. रील्सवर अंगावर येणाऱ्या व्हिडिओचंही वेगळं, तिथे थांबायचं कधी हे मूल ठरवत नाही, पुस्तकात ठरवतं. विषय भयानक आहे म्हणून घाबरू नका, पण दोन-तीन आठवडे झोप उडाली, जेवण तुटलं, मित्र सोडले, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या तर भेटा, मग पोरगं परीकथा का वाचत असेना. आणि स्वतःला इजा करण्याबद्दल गोष्टीत नाही तर स्वतःच्या तोंडाने बोललं, तर त्याच दिवशी कोणाला तरी गाठा, वाट बघू नका.

आणि लिहिणाऱ्या पोरांची काळजी करणाऱ्यांना मी मेरी शेलीचं सांगते. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाजवळ सततच्या पावसाने घरात कोंडलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायचं ठरवलं, त्यात ही अठरा वर्षांची मुलगी, आणि तिने तिथे सुरू केलेली राक्षसाची कादंबरी 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ मध्ये छापून आली, ती अजून वाचली जाते. लांब कशाला, आपले मतकरी बघा. गूढकथा लिहिणारे तेच, बालनाट्य करणारे तेच, आणि ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांना घेऊन वंचितांचा रंगमंच उभा करणारेही तेच.

जखीण आता येत नाही, गरजच नाही. मागच्या आठवड्यात आईचा मेसेज आला: 'लिफ्टमध्ये कोण येतं ते अजून सांगत नाहीये. मी म्हटलं सांगायचं तर दिवसा सांग. रात्री मला नाही जमणार.'